निळी की पांढरी

रविवार, संध्याकाळ

उजनीच्या पाण्यावर पर्यटक फिरवायला बोट घ्यायची, बोटीतच त्यांना भजी विकायची, हे घरात ठरलंय. आज दोन बघितल्या. एक निळी, एक पांढरी, बाकी सारख्याच. ह्यांना निळी हवी, भाऊजींना पांढरी. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "तूच सांग की. भजी तुलाच तळायची हायत."

दोन्हींत शेगडी मागं, पत्र्याकडं तोंड करून. म्हणजे दिवसभर पाण्याकडं पाठ. माझ्या शिवणक्लासचं काय, कुणी विचारलं नाही. मी तरी कुठं बोलले?

एवढंच विचारलं, शेगडी फिरवून मिळेल का. भाऊजी म्हणाले, "वाऱ्यानं विझंल की, वहिनी."

मग मी निळी म्हणाले. पांढरीतही पत्रा तोच होता. परतताना वाटभर सगळे खूश, वहिनीच्या पसंतीची बोट घेतली म्हणून.