उतारावरचा दोर

९ फेब्रुवारी, शनिवार

बंद पडली. तीही कुठे, तर शाळेच्या फाटकासमोर! सतरा वर्षं मुलांची व्हॅन चालवते मी, एक दिवस वेळ चुकवली नाही. आणि आज पालकसभा सुटताना माझी स्वतःची गाडी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठप्प. एका मुलीचे वडील हसत म्हणाले, आता तुम्हालाच कोणीतरी सोडायला हवं. मीही हसले. कान तापले होते.

ढकलून कडेला लावली. मेकॅनिक येऊन बघून गेला. इथे होणार नाही, गॅरेजला आणावी लागेल म्हणाला. आणायची कशी? सगळ्यात बरा म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक, पण तो मंगळवारी मिळेल. नाहीतर दोन गाड्यांच्या मध्ये लोखंडी दांडी लावायची, म्हणजे अंतर राहतं. ती त्याच्याकडे आहे, पण जोडायला तो स्वतः हवा आणि उद्या तो बाहेरगावी. मी दोराचं नाव काढलं तर मानच हलवली.

"वाटेत उतार आहे. दोर ओढतो, थांबवत नाही. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो. मंगळवारपर्यंत थांबा."

मंगळवार! म्हणजे सोमवारी सकाळी सगळ्या पालकांनी परत बघायचं.

१० फेब्रुवारी, रविवार

लिहायला बसले आणि तीनदा उठले.

सकाळी धाकट्याला बोलावलं. माझा भाऊ शिंपीकाम करतो, गाडी त्याला बेताचीच येते. मेकॅनिक काय म्हणाला ते त्याला सांगितलंच नाही. नुसतं स्टिअरिंग धर, बाकी मी बघते — एवढंच. माझ्यापुढे त्याने कधी नाही म्हटलंय का? ओढायला शाळेची व्हॅन घेतली. शाळेच्या कामाशिवाय ती हलवायची नाही असा नियम आहे. तोही मोडला.

सपाटीवर छान चाललं. मनात म्हटलं, उगाच घाबरवतात लोक. उतार लागला तसा दोर सैल पडला, मागे त्याच्या गाडीच्या चाकाखाली जाईल असं आरशात दिसलं. हात दाखवून त्याला थांबवलं, मी थांबले, उतरून मागे गेले. दोन गाड्यांच्या मध्ये वाकून दोर आवळायला लागले. हँडब्रेक ओढून ठेव म्हणून सांगायचं होतं. तेच राहिलं.

गाडी सरकली. मान वर केली तर तो दोन्ही पायांनी ब्रेक दाबत होता. मग सगळं अंग टाकून त्याने स्टिअरिंग फिरवलं. मला चाटून गाडी कडेच्या भिंतीवर गेली.

त्याचं उजवं मनगट मोडलं. कात्री धरायचा हात.

इथपर्यंत लिहिता आलं. पुढचं नाही येत.

११ फेब्रुवारी, सोमवार

लिहिते.

लोक धावत येत होते. मी आधी दोर सोडला. दोन्ही हूक काढले, दोर गुंडाळून व्हॅनच्या सीटखाली सारला. मग त्याचं दार उघडलं.

कोणी विचारलंच तर व्हॅनचं नाव यायला नको, नोकरी जाईल — एवढा सगळा विचार मला तेवढ्या वेळात सुचला! तो आत मनगट छातीशी धरून बसलेला. काचेवर ऊन होतं, डोळे दिसले नाहीत, पण तोंड माझ्याकडेच होतं. सगळं बघितलं असणार.

जमलेल्यांना मी सांगितलं, भावाच्या हातात गाडी होती, उतारावर ब्रेक लागला नाही. त्यांनी त्याला विचारलं. म्हणाला, हो, मलाच जमलं नाही.

माझ्याकडे न बघता म्हणाला.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

ट्रक आला. गाडी पाठीवर घेऊन गेला. दहा मिनिटं लागली.

१६ फेब्रुवारी, शनिवार

धाकट्याच्या दुकानात गेले. मशीनवर कापड तसंच, सुईखाली अडकून राहिलेलं. गणवेशांचं मोठं काम आलं होतं, ते दोघांनी दुसऱ्या शिंप्याकडे पाठवून दिलं. भावजय एकटीच काजं-बटणं करत होती. म्हणाली, ताई, तुम्ही बरोबर होतात म्हणून बरं, लगेच दवाखान्यात तरी नेलंत. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो कोपऱ्यात बसून होता. माझ्याशी बोलला, पण नजर पंख्यावर, कापडावर, कुठेही. माझ्यावर नाही. बरोबरच आहे त्याचं. मी एक झगा उसवायला मागून घेतला. उसवणं तेवढं मला येतं.

२० फेब्रुवारी, बुधवार

मेकॅनिकने विचारलं, दोरानेच ओढलीत ना? पुढच्या हुकावर ओरखडे दिसले त्याला. मग पाना घेऊन कामाला लागला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२५ फेब्रुवारी, सोमवार

मुलांना सोडलं आणि तशीच मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेले. पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. व्हॅन नेली ते, दोर सोडला तेही. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"गाडीत तुमच्या भावाच्या जागी आपल्या शाळेतलं एखादं मूल असतं, तर आधी दोर सोडला असतात की दार उघडलं असतंत?"

दार, म्हणायला तोंड उघडलं. पण मला खरंच माहीत नाही.

व्हॅनची किल्ली टेबलावर ठेवून चालत घरी आले.

४ मार्च, सोमवार

नवा ड्रायव्हर आमच्या वळणावर फार हॉर्न वाजवतो. मी खिडकीपाशी जात नाही. मुलं हात करतील, आणि त्यांना उलट हात करायचा कोणत्या तोंडाने?

सगळ्यांना कळलंय. भावजयीलाही. ती येते-जाते, पण 'बरं झालं तुम्ही होतात' हे आता म्हणत नाही.

२४ मार्च, रविवार

आज धाकट्याचं प्लास्टर काढलं. मनगट काडीसारखं झालंय. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून त्याला सांगून टाकलं, तुझं दार उघडायच्या आधी मी दोर सोडला. तू बघत होतास.

त्याने ते मनगट मांडीवर ठेवलं.

"मी कुठे बघत होतो? डोळे गच्च मिटले होते. तुझ्या अंगावर गाडी घातली होती ना मी. तुला चिरडलं असंच वाटलं, डोळे उघडायची हिंमत होईना. मग हूक काढल्याचा आवाज आला. म्हटलं, आहे ताई."