आपल्या आधीचं गाव

प्रिय आत्याबाई,

आज दुपारी पठारावरच्या धनगरांच्या म्हशी आपल्या झऱ्यावर उतरल्या. कुणी हाकलल्या नाहीत. तुम्ही पौषात गेलात, हे बघायला राहिला नाहीत, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला वाचून कोण दाखवणार? तरी लिहिते.

गेल्या चैत्रातली बैठक आठवते ना? भैरोबाच्या जत्रेत पहिला नारळ थोरल्या आळीनं फोडायचा की धाकटीनं, यावरून काठ्या निघाल्या होत्या. ज्यांनी गाव वसवलं त्यांचा मान, आणि दोन्ही आळ्या म्हणत, आम्हीच वसवलं. गावातली निम्मी पोरं तुमच्या हातांवर जन्मलेली, म्हणून सगळे म्हणाले, म्हातारीला विचारा. हे तर निर्धास्त होते. आई आपल्याच थोरल्या आळीचं बोलणार.

तुम्ही पदर सारखा केलात. "दोनी आळ्या मागनं आल्या. हितं आधी धनगराचा वाडा व्हता. दुष्काळात आपली मान्सं आली, त्यानंच झरा दावला. देव बी त्याचाच. मग आपुन त्याला वर हुसकावला. माझ्या सासूनं सांगितलं, आन कुटं बोलू नगं म्हनाली."

"मग आमी कोन?" ह्यांनी विचारलं.

"आल्याली मान्सं. म्या बी, तू बी."

दोन्ही आळ्या एक झाल्या, पण तुमच्यावर चिडायला. ह्यांनी तुमच्याशी बोलणं टाकलं. तुम्ही ओसरीवर एकट्या जेवायचात. इतकी वर्षं जात्यावर माझ्याशी बोललात, मग हे एवढंच का लपवलंत? मी कुणाला सांगितलं असतं? कदाचित सांगितलंही असतं.

पाऊस सरल्यावर तुम्ही पठारावर निघालात. गुडघे धरलेले, म्हणून मी सोबत आले. धनगरांच्या धाकलूबाबाला तुम्ही म्हणालात, "नारळाचा मान तुमचा हाय. जत्रंला खाली या."

त्यानं ताकाचा तांब्या आपल्यापुढं ठेवला. "नारळ तुमीच फोडा, बाई. उन्हाळ्यात जनावरं मरत्यात आमची. झऱ्यावर येऊ द्या."

उतरताना तुम्ही खडकावर टेकलात आणि रडलात. घरी येऊन ह्यांना तेवढंच सांगितलंत, "त्याला पानी पायजे, मान न्हाई." तुम्ही गेलात तेव्हाही त्यांनी उत्तर दिलेलं नव्हतं. ते त्यांना फार लागलंय, आत्याबाई. जेवताना मध्येच हात थांबतो त्यांचा.

मग फाल्गुनात एका सकाळी त्यांनी कोयता घेतला आणि धनगरांची जनावरं अडवायला झऱ्याभोवती घातलेलं काट्यांचं कुंपण तोडायला लागले. दोन्ही आळ्यांतली माणसं धावून आली.

"पानी आटंल की," कुणी म्हणालं.

"आटलं तर समद्यांचंच आटंल," हे म्हणाले, आणि तोडत राहिले. थोड्या वेळानं धाकट्या आळीतला एक जण कुऱ्हाड घेऊन आला. बाकीचे नुसते बघत उभे होते, पण कुणी हात धरला नाही.

नारळाचं अजून ठरलेलं नाही. भांडतायत. भांडू देत.

तुमची नात सुमन आता शाळेत जाते. गाव कुणी वसवलं, असं ती विचारेल तेव्हा मी धनगराच्या वाड्यापासून सुरुवात करेन, आणि कुठं बोलू नकोस, असं तिला सांगणार नाही.

तुमची सून,
अनसूया