एकही खाडा नाही

३ फेब्रुवारी, सोमवार
दादाचा फोन. बाबांची लष्करातली जुनी बराक आता संग्रहालय झाली आहे. तिथे राहून गेलेल्यांच्या घरच्यांना रविवारी बोलावलंय. आपल्या माणसाचा फोटो आणायचा, त्याखाली लावायला एक ओळ द्यायची. दादाची ओळ तयार! — 'एकवीस वर्षांच्या नोकरीत एकही खाडा नाही.' मी म्हटलं, "अरे, हे बाबांबद्दल आहे की दूधवाल्याबद्दल?" रागावला. फोनच ठेवला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आई म्हणते, "काय बघायचंय तिथे? भिंतीच ना!" आणि साडीला दोनदा इस्त्री करून ठेवली.

दादाला चिडवलं खरं, पण ओळ चुकीची नाही. आमच्या घरात खाडा म्हणजे महापाप. मी गोवर अंगावर घेऊन शाळेत गेले होते. निम्म्या वर्गाला वाटून आले! शाळेने चिठ्ठी पाठवली तेव्हा बाबा म्हणाले, "हजेरी लागली ना? मग झालं." पुढे मी टपाल कचेरीत लागले तरी तेच. अठ्ठावीस वर्षांत माझ्या रजा नुसत्या वाया जातात. साहेब म्हणतात, तुमचा पुतळा उभारू. मी म्हणते, उभारा, पण खिडकीच्या आत, पावत्या फाडायला उपयोगी पडेल.

८ फेब्रुवारी, शनिवार
दादाने नवे बूट घेतले. बाबा तपासायला येणार असल्यासारखे!

९ फेब्रुवारी, रविवार
लांबलचक दगडी इमारत, दोन्ही बाजूंना खिडक्या, आत ओळीने लोखंडी खाटा. दाखवायला एक निवृत्त हवालदार. मिशा एवढ्या की माणूस मागून येतो आहे असं वाटावं. दादा दारातच छाती काढून उभा राहिला, पोट मात्र ऐकेना. आई छताकडे बघून म्हणाली, "जाळी काढत नाही वाटतं कुणी." मिशांनी मान खाली घातली.

मग आईने घोळ केला. एका खाटेवर कांबळं घडी करून ठेवलं होतं. "चुकलंय हे," म्हणत ती दोरी ओलांडून आत! मी "आई, आई" करेपर्यंत तिने घडी मोडली आणि बाबांची घालून दाखवली — लांबीत तीन पदर, कडा आत, मधे एक कप्पा. बाबांचा साबण, टॉवेल, पेला सगळं त्या कप्प्यात असायचं. आम्ही आमच्या घड्यांमध्ये चिंचा लपवायचो. आई मिशांना म्हणाली, "चाळीस वर्षं घातली आहे, मला शिकवू नका."

दादा आईला घेऊन अंगणातली तोफ बघायला गेला तेव्हा मिशा मला हळूच म्हणाले, "ताई, ही घडी बराकीतली नाही. बराकीत प्रत्येकाला पेटी असायची. मागे शिक्षेची कोठडी आहे, तिथे पेटी नाही, उशी नाही, म्हणून सगळं कांबळ्यात ठेवायचं — ही तिथली घडी."

मी हसले. बाबा पहारेकरी असतील तिथे! म्हणाले, "बघायचं का?" मी हो म्हटलं. कशाला म्हटलं! कोठडीची जुनी वही कपाटातच होती. बाबांचं नाव, नंबर, सगळं बरोबर. अकरा दिवस विनापरवानगी गैरहजर. अठ्ठावीस दिवस कोठडी.

बाहेर दादा तोफेशेजारी उभा राहून फोटो काढून घेत होता. फोटो आणि ओळ त्याने आधीच देऊन टाकली होती.

१० फेब्रुवारी, सोमवार
वेळेवर कामावर. दिवसभर चुकीचे शिक्के मारले.

राग आलाय. लिहून टाकते, इथे कोण बघतंय. बाबा गेले त्या सकाळी मी त्यांच्याजवळ थांबते म्हटलं होतं. धाप लागली होती त्यांना. "खाडा करू नकोस," म्हणाले. मी गेले! साडेअकराला दादाचा फोन आला तेव्हा मी पार्सल तोलत होते. आठ वर्षं मनाला समजावते आहे — त्यांचं आयुष्यभराचं तत्त्व होतं, मी पाळलं. आणि स्वतः? अकरा दिवस! कुठे होतात हो बाबा?

११ फेब्रुवारी, मंगळवार
दादाला सांगितलं नाही. बिचाऱ्याला बूट चावलेत, तेवढं पुरे.

१२ फेब्रुवारी, बुधवार
मिशांचा फोन. "ताई, ओळ उद्या छापायला जाते आहे. लावू ना?" भला माणूस. वहीबद्दल चकार शब्द नाही. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांबा. संध्याकाळी त्यांनी फोन केला तर उचलला नाही. अशी भित्री मी कधीपासून झाले?

आईला सांगावं का? अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. रोज त्यांच्या फोटोवरची धूळ पुसते आणि पुसता पुसता त्यांना बोल लावते. त्या दोघांचं अजून छान चाललंय. मधे मी कशाला वही घेऊन जाऊ?

१३ फेब्रुवारी, गुरुवार
आज रजा टाकली. साहेबांनी तब्येत विचारली, दोनदा.

आई मटार सोलत होती. शेजारी बसले आणि सांगून टाकलं. तिचे हात थांबलेही नाहीत.

"ठाऊक आहे मला. माझ्या माहेरच्या पायरीवर बसून होते. मी दादाला घेऊन निघून आले होते, पुन्हा नांदायला जाणार नाही म्हणून. तू तेव्हा व्हायची होतीस. दहा दिवस मी दार उघडलं नाही. अकराव्या दिवशी त्यांना धरून न्यायला दोन शिपाई आले, तेव्हा कळलं — रजा न घेताच आला होता हा माणूस. मग मी पिशवी भरली."