बुडातली चव

माय, आमच्या कंपनीचा सगळ्यात मोठा साहेब बदलला. तू म्हणशील, बदलू दे, तुह्या घरचा हाये काय तो. घरचा नाही. मी त्याला कधी प्रत्यक्ष पाहिलंसुद्धा नव्हतं, फक्त ऑफिसात शिरताना समोरच्या पडद्यावर त्याचा हसरा चेहरा दिसायचा. कंपनी टीव्ही करते, कॅमेरे करते, आणि टीव्हीला जोडून हातातल्या बटणांनी खेळायचं एक यंत्रही करते. या खेळांच्या धंद्याचा प्रमुख वेगळा असतो. मोठा साहेब निवृत्त झाला, कंपनीचे हिशेब पाहणारा त्याच्या खुर्चीत बसला, आणि बसल्या बसल्या त्याने खेळांचा प्रमुखही बदलला. नवा प्रमुख टीव्हीच्या विभागातून आला. आम्हा सगळ्यांना तसं एक पत्र आलं. त्यात जुन्यांच्या दूरदृष्टीचे आभार होते आणि नव्यांच्या दूरदृष्टीचं स्वागत होतं. दूरचं तर सगळ्यांनाच दिसतं, बुडातलं कोण पाहतं, असं काहीसं माझ्या मनात आलं, आणि शाळेतलं तुझं खिचडीचं मोठं पातेलं, तुझा तो गंज आठवला.

मी पुण्यात याच खेळांच्या विभागात तपासणीचं काम करते. खेळ बाजारात जाण्याआधी आम्ही तो पुन्हा पुन्हा खेळून पाहतो आणि कुठे अडकतो, कुठे बंद पडतो, ते कळवतो. काकाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे खेळाचे पैसे भेटते तुले? आमाले तं खेळलो म्हून मार भेटे." घरातली पहिली पदवीधर अखेर या कामाला लागली, हे त्याला अजून नीट पटलेलं नाही. मला मात्र हे काम महत्त्वाचं वाटतं. आमची छोटी टीम फक्त जुन्या यंत्रावर तपासणी करते. नवं यंत्र येऊन काही वर्षं झाली, पण ते महाग आहे. आपल्याकडे चिखलीत, मेहकरात तासावर खेळायला देणारी जी दुकानं आहेत, तिथे अजून जुनंच यंत्र आहे. नवे खेळ त्यावर चालतात, पण धापा टाकत. ते धापा टाकत का होईना, चालत राहावेत, एवढंच आमचं काम. आणि नवा प्रमुख पुण्याला येणार होता तो नेमकं हेच ठरवायला, की जुन्या यंत्रासाठी खेळ काढत राहायचं की थांबायचं. थांबायचं ठरलं तर आमची टीम मोडणार होती. मी कंत्राटावर होते, म्हणजे मीही जाणार होते.

तुला ते दुकान आठवतं का? मी सातवीत असेन. चिखलीला बाजार करून आपण एसटीची वाट पाहत होतो आणि स्टँडसमोरच्या गाळ्यात पोरं टीव्हीपुढे दाटीवाटीने बसली होती. मी उभी राहून पाहत होते. तू मला ओढून नेलं नाहीस. तू कमरेच्या पिशवीतून बांगड्यांसाठी ठेवलेले पैसे काढलेस आणि माझ्या हातावर ठेवलेस. मी आत जाऊन बसते. पडद्यावरची गाडी माझ्या बोटाने वळते. मागून एक पोरगा म्हणतो, "पोरगी खेळून राह्यली बे," आणि सगळे हसतात. तू दारात पिशवी घेऊन उभी आहेस. तू त्याला शांतपणे विचारतेस, "मंग? तुह्या बटनाले मिशा हायेत काय?" मग तेच सगळे त्याला हसतात. तेवढ्यात पडदा गोठतो, गाडी अर्ध्या वळणावर तशीच थांबते. दुकानवाला येऊन यंत्राला एक चापट मारतो आणि सांगतो, पाणी पिऊन ये, तोवर होईल सुरू. मी खरंच पाणी पिऊन आले. आपली एसटी तोवर निघून गेली होती. तू रागावली नाहीस, पुढच्या गाडीपर्यंत स्टँडच्या फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून राहिलीस. तेवढी एकच भेट तू मला न मागता दिलीस, म्हणून ती मी विसरले नसेन.

आता गंजाबद्दल. तू आणि सोबतची मावशी शाळेत पोषण आहार शिजवायच्या. तुमची नेमणूक वर्षावर्षाने व्हायची, शाळेची समिती ठरवायची. पोरांना वाढण्याआधी हेडमास्तरांनी चव घ्यायची असा नियम होता. जुने सर चुलीपाशी येऊन उभे राहायचे, तू सराट्यावर दिलेली खिचडी फुंकून तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "मीठ बराबर हाये बाई, वाढा." काही घरची पोरं डबे आणायची आणि तुझ्या हातचं खायची नाहीत. तू त्यावर कधी बोलली नाहीस. पण सर सगळ्यांदेखत खायचे, तेव्हा तुझी पाठ थोडी ताठ व्हायची, हे मी लहान असूनही पाहिलेलं आहे. मग सरांची बदली झाली. नवे हेडमास्तर आले आणि त्यांनी पहिल्या दिवशी ऑफिसातलं टेबल दक्षिणेचं पूर्वेला फिरवलं. चुलीकडे ते आले नाहीत. त्यांनी निरोप पाठवला की चवीचं ताट टेबलावर आणून द्या.

गंजाचं बूड घासून घासून पातळ झालेलं होतं. कितीही जपलं तरी खालची खिचडी रोज लागायची. वरची पिवळी, मोकळी खिचडी आधीच्या रांगेला मिळायची आणि शेवटच्या पोरांच्या ताटात धुराच्या वासाची, काळपट खरवड पडायची. स्वयंपाकिणीची पोरगी म्हणून तू मला कायम शेवटी उभी करायचीस, कोणी बोट दाखवू नये म्हणून. त्यामुळे ती चव माझ्या जिभेला चांगली माहीत आहे. जुन्या सरांना तू तीनदा सांगितलं होतंस की गंज बदला. ते हो म्हणायचे, पण ते वरचंच खात होते, मग त्यांना घाई कशाला वाटेल?

नव्या सरांना पहिलं ताट न्यायचं होतं त्या दिवशी मी काही कामाने चुलीपाशी आले होते. मावशीने ताट पुढे केलं आणि तू सराटा सरळ बुडाशी घातलास. मावशी घाबरली. "काऊन व, येडी झाली काय? नवा मानूस हाये. वरचं दे ना."

तू खरवडत राहिलीस. म्हणालीस, "पोरायले बुडातलं अन त्यायले वरचं? मंग चव कायची घेऊन राह्यले ते?"

ताट तूच घेऊन गेलीस. मी खिडकीतून पाहिलं. सरांनी एक घास घेतला, चघळला, दुसरा घेतला नाही. मग ते तुला खूप बोलले. शाळेचं नाव खराब करता का, अन्न असं जाळतात का, दुसरी बाई ठेवू का. व्हरांड्यातले गुरुजी ऐकत होते, पोरं ऐकत होती. तू पदर खोचून उभी होतीस. ते थांबल्यावर तू म्हणालीस, "हाव सर. रोज असंच लागते. गंजाचं बूड गेलं हाये." एवढंच. पंधरवड्याच्या आत जाड बुडाचा नवा गंज आला, झाकणासकट. आणि उन्हाळ्यानंतर शाळा उघडली तेव्हा समितीने तुझ्या जागी दुसऱ्या बाईला घेतलं. बाई तोंडाळ आहे, असं बैठकीत कोणीतरी म्हणालं आणि हेडमास्तर त्यावर काही बोलले नाहीत, हे मावशीने येऊन सांगितलं. ती रडत होती. तू तिला चहा दिलास आणि म्हणालीस, "गंज तं आला ना." दुसऱ्या दिवसापासून तू लोकांच्या शेतात निंदायला जाऊ लागलीस. मी तुझ्यावर चिडले होते. शेवटच्या रांगेला आता चांगली खिचडी मिळत होती, ती खाताना मला ती कडू लागायची.

तर नवा प्रमुख यायचा होता. आमच्या टीमचा वरिष्ठ पुण्याचाच आहे, माणूस भला आहे, पोरींना रात्री थांबवत नाही. त्याने खेळ दाखवायचं काम मला दिलं, कारण मी नीट बोलते असं त्याला वाटतं. त्याने ठरवलं होतं की खेळ दाखवायचा तो नव्या यंत्रावर, आणि जुन्या यंत्राबद्दल फक्त तोंडी सांगायचं. मी म्हटलं, सर, ते जुन्याचाच निर्णय घ्यायला येतायत, मग जुनंच दाखवू या. तो हसला. "अगं, पाहुण्याला कोणी कळकट ताटात वाढतं का? त्यांना आधी आवडू दे. आवडलं की ते जुन्याचंही भलं करतील." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. माझ्या कंत्राटाची मुदत त्याच महिन्यात संपत होती, तेही त्याने आठवण करून दिल्यासारखं न करता आठवण करून दिलं. मी दोन दिवस विचार केला. तुझा अनुभव मला पाठ होता, आणि त्याचे दोन्ही भाग पाठ होते. गंज येतो, हा एक. बाई जाते, हा दुसरा. मी स्वतःला म्हटलं की बाई गेली तर जाऊ दे, गंज यायला हवा. मी असा विचार करू शकते याचा मला थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला सांगू.

नवा प्रमुख उंच, थकलेला, विमानाच्या प्रवासाने डोळे सुजलेला माणूस होता. खेळ त्याला फारसे येत नव्हते आणि ते त्याने स्वतःच हसत सांगितलं. टेबलावर नवं यंत्र मांडलेलं होतं. मी शेजारचं जुनं टीव्हीला जोडलं आणि त्याची बटणं प्रमुखाच्या हातात दिली. वरिष्ठाने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. खेळ सुरू व्हायलाच वेळ लागला. पडद्यावर गोल गोल फिरणारं चिन्ह सगळे पाहत राहिले. मग प्रमुखाने विचारलं, हे नेहमी असंच होतं का? मी इंग्रजीत म्हणाले, हो, रोज असंच होतं. एवढा वेळ लोक काय करतात, त्याने विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे पाणी पिऊन येतात. तो मोठ्याने हसला आणि खरंच पाण्याचा ग्लास उचलून प्यायला. खेळ सुरू झाला, त्याची गाडी खड्ड्यात गेली, पुन्हा गेली, आणि एका वळणावर पडदा गोठला. त्याने बटणं हलकेच टेबलावर ठेवली. चापट मारायचं मी त्याला सांगितलं नाही. त्याने माझे आभार मानले, चांगले मनापासून मानले, आणि तो पुढच्या खोलीत गेला. वरिष्ठ लिफ्टमध्ये एवढंच म्हणाला, "बघू आता."

निकाल आला तो पुन्हा पत्रानेच. जुन्या यंत्रासाठी खेळ काढणं या वर्षापासून बंद. त्यात नव्या प्रमुखाने पुण्याच्या भेटीचा उल्लेख केला होता. "मी स्वतः खेळून पाहिलं, असा अनुभव आपण कोणालाही देता कामा नये," अशा अर्थाचं त्याचं वाक्य होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्याने बुडातली चव घेतली होती. चव त्याला बरोबर कळली होती. फक्त तुझ्या हेडमास्तरांसारखा त्याने नवा गंज मागवला नाही, शेवटची रांगच जेवणातून उठवली. चिखलीतल्या पोरांना नवं यंत्र परवडणार नाही, हे मी त्याला सांगायला हवं होतं. मला वाटलं होतं, चव कळली की बाकीचं आपोआप कळेल. तुलाही बहुधा तसंच वाटलं असेल, आणि तुझ्या नशिबाने तो माणूस गंज घेऊन आला.

टीम मोडली. वरिष्ठ हैदराबादला गेला, जाताना माझ्यावर रागावलेला नव्हता, निदान तसं दाखवलं नाही. आणि मला ठेवून घेतलं. स्पष्ट बोलणारी माणसं हवीत, असं कोणीतरी वरून कळवलं म्हणे. कंत्राट जाऊन कायम नोकरी झाली. तुझ्या वेळी गंज आला आणि तू गेलीस, माझ्या वेळी गंज गेला आणि मी राहिले. काकाने गावात पेढे वाटले. मी दिवाळीला आले तेव्हा स्टँडसमोरून चालत गेले. ते दुकान सुरू होतं, पोरं जुनेच खेळ खेळत होती, आणि दुकानवाला, आता केस पांढरे झालेला, मला विचारत होता की नवे खेळ काऊन येऊन नाही राह्यले ताई, तुमी तं पुण्यात त्याच लाइनीत हा ना? मी म्हटलं, कंपनीत साहेब बदलले. त्याने मान हलवली. एवढं उत्तर त्याला पुरलं, आपल्याकडे कोणालाही पुरतं.

तू आम्हाला कायमची सोडून गेलीस तेव्हा मी बारावीला होते, त्यामुळे तुला माझी कुठलीच नोकरी दिसली नाही. हे पत्र लिहून झालं की ते इथेच कपाटात राहील, टाकायचं तरी कुठे. पण एक गोष्ट राहिली. नव्या टीममध्ये घेताना कंपनीने प्रत्येकाला घरी वापरायला नवं यंत्र दिलं. मी ठरवलं होतं की ते त्या दुकानवाल्याला नेऊन द्यायचं. दिवाळीला पिशवीत घालून चिखलीपर्यंत आणलंही होतं, आणि त्याच्याशी बोलत असताना ते माझ्या खांद्यालाच होतं. मी ते परत आणलं. आता आठवडा संपला की मी खोलीचं दार लावून त्यावर खेळायला बसते. गाडी वळणावर कुठेच थांबत नाही, पाणी प्यायला उठावं लागत नाही. मला ते फार आवडतं, माय.