खुब्यांच्या वह्या आणि गाळलेला ज्येष्ठ

मी, नर्मदा लवू तांडेल, वय ६८, राहणार दांडी, मालवण, कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली सहायक, हे माझ्या मर्जीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणी दमदाटी केलेली नाही, करून पाहावी. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. दांडीवरचे घर माझ्या पगारातून बांधलेले आहे. ते माझा भाचा सुशांत याला मिळणार नाही. त्याला तिथे होमस्टे काढायचा आहे. घराच्या भाड्यातून किनाऱ्यावरच्या पोरांना विज्ञान परिषदेला पाठवायचे म्हटले, तर म्हणाला, "आत्ये, पोस्टरांनी प्वाट भरता काय?" त्याला माझी मासे कापायची विळी द्यावी. धार त्याने लावून घ्यावी.

२. आता वह्या. १९८७ ते १९९० मी कोळंब खाडीत ओहोटीला उतरून चिखलातले शिंपले, म्हणजे खुबे, मोजले. उधाण-भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती, आम्ही तिथीवर ओळखतो, म्हणून नोंदी तिथीनेच केल्या. अकरा वह्या भरल्या. आमचे प्रा. गुरुदास सामंत यांनी त्यावर निबंध लिहिला आणि पणजीच्या परिषदेत वाचला. मी साडी इस्त्री करून तयार होते. गाडीत बसताना म्हणाले, "बाई, तुमची व्यवस्था झालेली नाही." छापील निबंधात शेवटच्या ओळीत माझा उल्लेख आहे: "खुबे गोळा करण्यास एका स्थानिक मच्छीमार महिलेची मदत झाली."

तिथींच्या तारखा करताना सरांनी एक चूक केली. १९८८ साली अधिक ज्येष्ठ होता. वहीत ज्येष्ठ दोनदा दिसला, तेव्हा बाईने चुकून पुन्हा लिहिला असे समजून त्यांनी एक गाळला. पुढच्या सगळ्या नोंदी एक महिना अलीकडे छापल्या गेल्या. मी पहिल्याच दिवशी ओळखले आणि गप्प बसले. मिरवू दे चुकीचा महिना, म्हटले. मला त्यात सुख होते, ते लपवत नाही.

३. हे कलम लिहायला मला आठ दिवस लागले. शेजारच्या जानकीची मुलगी दीपिका, घरात पहिलीच बीएस्सी करणारी, सहा वर्षांपूर्वी खुब्यांवर काम करत होती. कोल्हापूरला विद्यार्थ्यांची संशोधन परिषद होती. ती आली आणि म्हणाली, "मावशे, तुझ्यो वह्यो माका बघूक दी गो." मी म्हटले, "माझ्या वह्यांक हात लावू नको. छापलेला आसा, ता वाच."

ती ते वाचून गेली. तिची मोजणी बरोबर होती, पण खुबे कुठल्या महिन्यात वाढतात ते सरांच्या छापील महिन्याशी जुळेना. परीक्षकांनी चारचौघांत विचारले, "खुबे मोजता येतात ना?" फोंडाघाट उतरेपर्यंत पोर रडली, असे जानकी सांगते. पुढे शिकली नाही. आज जेटीवर बोटीची तिकिटे फाडते. सामंतांनी माझे नाव गाळले; मी त्या पोरीचे आयुष्य वाकडे केले. माझा गुन्हा मोठा आहे.

४. म्हणून अकरा वह्या दीपिकाच्या. त्यावर लिहिल्यास पहिले नाव तिचे. घर भाड्याने द्यावे आणि त्या भाड्यातून आधी तिचे एमएस्सीचे शिक्षण व्हावे. नंतर दरवर्षी किनाऱ्यावरची दोन मुले, ज्यांच्या घरात कोणी विज्ञान शिकलेले नाही, परिषदेला न्यावीत. सोबत जाणाऱ्या मार्गदर्शकाने पोस्टरपासून दोन पावले मागे उभे राहावे आणि विचारल्याशिवाय तोंड उघडू नये. पोस्टरवर मुलाचे पूर्ण नाव, गावासकट, सर्वांत वर असावे. व्यवस्था वकील स्वप्ना पराडकर पाहतील.

५. साक्षीला मी मुद्दाम सामंत सरांना बोलावले. वय ७९, काठी टेकत आले. वरचे सगळे त्यांना वाचून दाखवले. त्यांनी एवढेच विचारले, "ज्येष्ठ खरेच दोन होते?"

"होते, सर."

मी त्यांना माफ केलेले नाही. त्यांच्या सहीच्या जागी "एक स्थानिक प्राध्यापक" एवढेच घालणार होते. वकीलबाई म्हणाल्या, पूर्ण नाव लागते. लागते ना? मग माझेही लागते. साक्षीदारांनी ते स्वतःच्या हाताने लिहावे.

स्थळ: मालवण. दिनांक १४ जून २०२५, ज्येष्ठ वद्य तृतीया.

(सही) नर्मदा लवू तांडेल

साक्षीदार
१. नर्मदा लवू तांडेल यांनी माझ्यासमोर सही केली. (सही) जानकी शंकर कुबल
२. नर्मदा लवू तांडेल यांनी माझ्यासमोर सही केली. खुब्यांची मोजणी यांचीच. (सही) गुरुदास सामंत