दोन आषाढांचं वर्ष

१६ जून १९९६, रविवार

झांबिया. नक्की! दोन वर्षं. तिथल्या तरुण मुलामुलींना लहान धंदे सुरू करायला शिकवायचं. पगार नाही, राहणं-जेवण संस्थेचं. कंपनीने बिनपगारी रजा दिली. पुण्याला फोन केला. आई म्हणाली, "बंगलोर पुरेसं लांब नव्हतं वाटतं."

एक अट आहे. जाण्याआधी माझ्या इथल्या वर्गातल्या एकाचा तरी धंदा मी उभा करून दाखवायचा. प्रत्यक्ष चालणारा, आणि त्याच्या स्वतःच्या मालकीचा. दहा ऑगस्टला संस्थेचे प्राणेश येऊन बघणार. अठराला विमान.

चामराजपेटला मी शिकवते त्या दुरुस्तीच्या वर्गातून वृंदाला निवडलं. वय एकोणीस. मिक्सरच्या जळालेल्या मोटरचं वाइंडिंग मी तिला एकदा करून दाखवलं. दुसरं तिने स्वतः केलं. माझ्यापेक्षा सफाईने नाही, पण चाललं. कमी बोलते. मला बरं वाटतं.

१९ जून

वडील गेल्यापासून वृंदा आणि तिची आई आजोळी राहतात. आजोबा भीमाचार्य. घराची रस्त्याकडची खोली दुकानासाठी देतो म्हणाले होते. आज म्हणाले, आषाढ लागला, आता नवीन काही उघडायचं नाही. मी म्हटलं, हरकत नाही, जुलैच्या मध्याला संपेल. ते हसले. यंदा आषाढ दोन! आधी अधिक, मग निज. ऑगस्टच्या चौदापर्यंत काही नाही.

सगळं वेळापत्रक आखलं, आणि पंचांग बघितलं नाही.

२३ जून, रविवार

मार्ग सापडला. मीच काढला.

दोन घरं सोडून वृंदाच्या मामाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. मामा म्हणजे तिच्या आईचा धाकटा भाऊ, नरसिंह. अठ्ठावीसचा. रेडिओ कुणी आणत नाही, दुकान अर्धं रिकामं. तिथे वृंदाचं टेबल टाकायचं. दुकान जुनं, तेव्हा नवीन काही उघडलं असं होत नाही. पाटी त्याची, परवाना त्याचा. नावाचं पुढे बघता येईल. भीमाचार्यांना विचारलं तर एका वाक्यात हो म्हणाले! इतक्या चटकन हो म्हणतील असं वाटलं नव्हतं.

वृंदा म्हणाली, मामाच्या नावावर नको. बसस्टॉपपर्यंत सोडायला आली तेव्हा पुन्हा म्हणाली. मला हसू आलं. मामाच तर आहे! मामापेक्षा भरवशाचं माणूस कोण, असं तिलाच विचारलं. 

"सरी, अक्का," ती म्हणाली. म्हणजे बरं, ताई.

७ जुलै, रविवार

चालतंय! बायका मिक्सी पिशवीत घालून आणतात आणि होईपर्यंत समोर बसून राहतात. आज एक म्हातारी वृंदाला म्हणाली, मुलीच्या जातीने असल्या तारा ओढू नयेत, बोटं कापतील. वृंदा म्हणाली, "चटणी तुम्ही वाटा, अज्जी. मोटर मी बघते." म्हातारी हसली. उद्या सुनेची मिक्सी पाठवते म्हणाली.

नरसिंह शांत माणूस. मागच्या टेबलावर बसतो, गिऱ्हाईक आलं की वृंदाला पुढे करतो.

८ जुलै

वृंदाच्या आईने मला बसवून कुंकू लावलं, खण आणि नारळ दिला. डोळ्यांत पाणी. दुकानाबद्दल असेल.

२१ जुलै, रविवार

 जसं झालं तसं लिहिते.

भीमाचार्यांनी विचारलं, विमान कधी. सांगितलं. अरेरे म्हणाले, श्रावणात लग्न, तोवर तरी थांबायला हवं होतं तुम्ही. कुणाचं लग्न? वृंदाचं. कुणाशी?

नरसिंहाशी.

दुसरा कुणी नरसिंह असेल असं वाटलं. विचारलं. नाही. हाच. तिच्या आईचा सख्खा भाऊ!

त्यांच्याकडे ही जुनी पद्धत. भाचीवर पहिला हक्क मामाचा. मुलगी परक्या घरी जात नाही, आईजवळच राहते. कुणी काही लपवत नव्हतं. आई आनंदात. भीमाचार्य मला हात जोडून म्हणाले, "आम्ही दोन वर्षं घुटमळत होतो. मुलीला मामाच्या स्वाधीन करा, हे तुम्हीच येऊन सुचवलंत."

मी! खण त्यासाठी होता.

 कॉफी पूर्ण प्यायले. घरी, हेब्बाळला जायची बस चुकली, पुढची आली, तीही गेली.

२२ जुलै

मामा. नवरा. दोन शब्द शेजारी शेजारी लिहून बघितले. डोळ्यांना पटत नाहीत.

२४ जुलै

ऑफिसातून लवकर निघून चामराजपेटला गेले. वृंदा एकटी होती. विचारलं, तुला ठाऊक होतं?

"सगळ्यांनाच ठाऊक असतं, अक्का. लहानपणापासून चिडवतात. मला वाटलं, तुम्हालाही ठाऊक आहे आणि तुम्हाला चालतंय."

मग मला सांगायचंस!

"दोनदा नको म्हटलं. तुम्ही हसलात."

हे तिने रागाने म्हटलं नाही. हातातला मोटरचा आर्मेचर फिरवून बघत होती. मी म्हटलं, अजूनही नाही म्हण. ती म्हणाली, नाही म्हटलं की मामाचं दुकान मामाकडे, आणि मी घरात. अज्जांचा हट्ट तर राहणारच, वर दुकानही पुन्हा मिळायचं नाही. "तुम्ही तर विमानात. मग दुकानाला दुसरी जागा कोण बघणार, मी एकटी?"



२८ जुलै, रविवार

नरसिंहाशी बोलले. मी 'अहो'ने सुरुवात केली आणि पुढचं वाक्यच सुचेना. त्यानेच पूर्ण केलं. म्हणाला, वृंदाला सायकलवर बसवून शाळेत सोडायचो मी. मला कुणी विचारलंच नाही, म्याडम. वडिलांसमोर तो खुर्चीवरसुद्धा बसत नाही.

आणि मी त्याला भक्षक समजून आठवडाभर मनात शिव्या घातल्या.

निघताना वृंदा म्हणाली, तपासणीची काळजी करू नका. "दुकान माझंच म्हणून सांगते. मामा काही बोलायचा नाही. तुम्ही जा."

मी नको म्हणाले नाही.

५ ऑगस्ट

सामान बांधलं. पुन्हा उघडलं. उगीचच.

१० ऑगस्ट, शनिवार

प्राणेश आले. तासभर काम बघितलं, खूश झाले. मग विचारलं, दुकान कुणाचं?

वृंदा म्हणाली, "माझं."

मी म्हणाले, "नाही. नरसिंहांचं आहे. परवानाही त्यांचाच. अट पुरी झालेली नाही."

झांबिया गेलं.

प्राणेश गेले. मग वृंदा म्हणाली, "आता वेळ आहे ना तुम्हाला, अक्का? उद्यापासून जागा बघू या. माझ्या नावावर."

नरसिंहाने सोल्डरिंगचं काम बाजूला ठेवलं. चपला घातल्या.

"लग्न नको, हे अप्पांना मी सांगतो," म्हणाला, आणि घराकडे गेला.