गुरुवारची तारीख

प्रिय रॉइस,

आधीच सांगते, मी रागावलेली नाही. सोमवारी होते. मंगळवारी तर एवढी होते की दुकानात मिसेस कीटिंगचे केस बोटभर जास्तच कापले गेले, आणि ती बिचारी आरशात बघून 'छान दिसतंय गं' म्हणाली. आता राग गेलाय, फक्त तू काय खात असशील एवढंच डोक्यात येतं. तुझं जेवण मला माहीत आहे. बीन्सचा डबा फोडायचा, अर्धा सेनेटरला द्यायचा आणि उरलेला उभ्या उभ्या चमच्याने संपवायचा. त्या कुत्र्याचं पोट बिघडतं बीन्सने, हे नेवा लग्न झाल्यापासून तुला सांगून सांगून थकली होती.

तुरुंगातून तुझा फोन आला तो दिवस मी विसरणार नाही. 'व्हर्नी, छोटीशी भानगड झालीय,' म्हणालास. छोटीशी! हॉइट प्रुइट चर्चमध्ये बसलेला असताना त्याचं लोखंडी फाटक ट्रकने आडवं करायचं, त्याच्या अंगणातून कुत्रा उचलायचा आणि मग पळून जायचं सोडून त्याच कुत्र्यासाठी खाणं घ्यायला गावच्या दुकानात थांबायचं. शेरीफच्या माणसाने तुला पकडलं तेव्हा सेनेटर पुढच्या सीटवर बसून खिडकीतून बघत होता म्हणे. मी डोक्याला हात लावला, आणि खरं सांगू, हसले पण. कुत्रा तुझाच. नेवाला टल्साच्या इस्पितळात ठेवलं तेव्हा सांभाळायला म्हणून हॉइटकडे दिलेला, आणि ती गेल्यावर तू आणायला गेलास तर तो म्हणतो, तू मला तो कायमचा दिलास. पण हे कोर्टात सांगायचं असतं, फाटकाला नाही.

जामीन म्हणजे काय हे मला तरी कुठे ठाऊक होतं? हायवेवरच्या त्या मोठ्या फलकावर दात दाखवणारा जामीनवाला आहे ना, त्याला आधी फोन केला. त्याने तुझं नाव विचारायच्या आधी माझ्या कार्डाचा नंबर विचारला. मी फोन ठेवला. मग दुकानातल्या बायकाच म्हणाल्या, ओपल टिंडलकडे जा, कोर्टासमोर, डोनटवाल्याच्या शेजारी. सत्तरीची बाई, टेबलावर विणकाम, भिंतीवर तिने सोडवलेल्यांच्या पोराबाळांचे फोटो. तिने मला शाळेतल्या मुलीसारखं समजावलं. 'हे बघ पोरी, न्यायाधीशाने सांगितलेली सगळी रक्कम तू स्वतः भरलीस तर तो तारखांना आल्यावर शेवटी ती परत मिळते. तेवढी नसेल तर मी कोर्टाला हमी देते, आणि दहावा हिस्सा माझा. तो परत मागायचा नाही, तुझा भाऊ निर्दोष सुटला तरी नाही. आणि तू घर तारण ठेवून त्याच्या मागे जामीनदार म्हणून सही करायचीस.' मी पेन उचललं तर तिने माझ्या हातावर हात ठेवला. 'थांब. पळाला तर कुठे जाईल?' मी म्हटलं, माझा भाऊ पळणाऱ्यातला नाही. 'सगळ्या बहिणी हेच म्हणतात,' ती म्हणाली, 'म्हणून तर मी आयांना विचारते.' आपली आई नाही म्हटल्यावर तिने डोनट पुढे केला आणि सही करू दिली.

तू बाहेर आलास, मला मिठी मारलीस आणि म्हणालास, 'चला, मिटलं एकदाचं!' मी तेव्हाच कान पकडून सांगायला हवं होतं. आपल्या गावात अर्ध्या लोकांची हीच समजूत आहे, पैसे भरले म्हणजे दंड भरला. अरे, काहीच मिटलेलं नसतं. तो पैसा फक्त एवढ्यासाठी असतो की तू घरी झोपावंस आणि तारखेला स्वतःच्या पायांनी यावंस. तू गुरुवारच्या तारखेला आला नाहीस तर न्यायाधीश त्याच जागी बसून वॉरंट काढतील, आणि फाटक मोडण्याच्या गुन्ह्यावर आणखी न्यायालयाला चुकवण्याचा गुन्हा तुझ्या डोक्यावर बसेल. फाटकासाठी कदाचित भरपाई देऊन सुटशील. पण तारीख चुकवण्यासाठी तुरुंग आहे, ओपलने मला स्पष्ट सांगितलं. दर सोमवारी तू तिला फोन करायचा असं ठरलं होतं, या सोमवारी तो आला नाही, तेव्हा ती ओरडली नाही. 'कुत्रा कुठे आहे?' एवढंच विचारलं. कुत्रा कोर्टाने निकाल लागेपर्यंत माझ्याकडे ठेवला होता, आणि रविवारी तू त्याला फिरवायला म्हणून नेलंस.

तेव्हा मला कळलं. तू तुरुंगाला भिऊन गेलेला नाहीस. न्यायाधीश सेनेटरला हॉइटच्या हवाली करतील या भीतीने गेलास. नेवाने वाढवलेलं घरात एवढंच उरलंय, हे मला कळतं रे. पण जरा डोकं चालव. तू आत गेलास तर तो कुत्रा कोणाकडे जाणार? भांडायला कोणी नसलं की हॉइट नुसता चालत येईल आणि घेऊन जाईल.

आता बातमी. काल डेल्फा प्रुइट, हॉइटची बायको, केस सेट करायला आली. ड्रायरखाली बसल्यावर त्या आवाजात माणसं मोठ्याने बोलतात, तशी ती एकदम म्हणाली, 'व्हर्ना, तो कुत्रा सांभाळायलाच दिला होता. मी तिथेच उभी होते. रॉइस रडत होता आणि हॉइट म्हणाला, नेवा बरी झाली की घेऊन जा.' मी विचारलं, हे कोर्टात सांगशील? तिने डोक्यावरचा ड्रायर बाजूला सारला. मग म्हणाली, 'सांगेन. पण तुझा भाऊ समोर उभा असला तर. तोच आला नाही तर मी कोणासाठी घरात आग लावून घेऊ?' रॉइस, त्या बाईला त्याच माणसाच्या घरी परत जायचंय. तरी येतेय.

नेवा गेल्यापासून तुझं काय होईल याची तुला पर्वा राहिलेली नाही. मी हे कोणाला बोलले नाही, तुलाही नाही. पण मला आहे पर्वा. घर गेलं तर दुकानाच्या मागच्या खोलीत राहीन. तू गेलास तर काय करू, ते मला सुचत नाही. तू माझा एकुलता एक धाकटा भाऊ आहेस आणि माझं तुझ्यावर फार प्रेम आहे, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आज गुरुवार आहे. सकाळी मी ओपलकडे गेले आणि तू बाबांच्या तळ्यावरच्या झोपडीत आहेस असं सांगितलं. हो, मीच सांगितलं. तुला पकडून आणायला तिची माणसं निघतच होती. मी म्हटलं, बेड्या घातलेला माणूस डेल्फाला दिसायला नको, मी आणते त्याला. ती म्हणाली, 'दुपारपर्यंत तुझा, नंतर माझा.' तू समोर दिसलास की मला हसवतोस आणि मी तुझं ऐकते, आयुष्यभर हेच झालंय, म्हणून दार न ठोठावता हे पत्र दाराखालून सरकवतेय. मी बाहेर ट्रकमध्ये बसलेय. तुझा इस्त्रीचा शर्ट मागच्या सीटवर आहे आणि पुढच्या सीटवर सेनेटरसाठी जागा ठेवलीय. रागवायचं असेल तर वाटेत रागाव, कोर्ट येईपर्यंत मी सगळं ऐकून घेईन. पण आता दार उघड.

तुझीच,
व्हर्ना